एक अनुस्वार आणि दोन कर्ते

गेल्या पावसाळ्यात एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आपल्या प्रबंधिकेची तपासून आलेली प्रत घेऊन इंदिरानगरातील माझ्या घरी आली. एका ग्रामीण कथेचा आशय सांगताना तिने लिहिले होते : ‘नवरा आणि बायको दारात उभी होती.’ परीक्षकांनी ‘उभी होती’ खोडून वर तांबड्या शाईने ‘उभे होते’ असे लिहिले होते आणि समासात ‘अन्वय!’ एवढा एकच शब्द, उद्गारचिन्हासह. मुलगी सिन्नरकडची. घरी सगळे ‘उभी होती’ असेच म्हणतात, असे तिचे म्हणणे. चूक तिची एकटीची असती तर तिने ती निमूटपणे मान्य केली असती. आजीचीही चूक मानायला मात्र ती तयार नव्हती. ‘दोन्ही चालते’ असे मी तिला सांगून पाहिले. त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण दोन रूपे चालतात म्हणजे ती एकाच अर्थाने चालतात असे नव्हे, आणि एक रूप दुसऱ्याला कधीपासून व कशामुळे हटवू लागले हा प्रश्न तर शिल्लक राहतोच.

प्रश्न वरवर पाहता शालेय व्याकरणाचा आहे. वाक्यात दोन कर्ते ‘आणि’ने जोडलेले असले तर क्रियापदाने कोणाचे ऐकावे? पण या प्रश्नाला मराठीने दिलेले एक जुने उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत छापील पानावरून पुसट होत गेले आहे, आणि ते पुसट होण्यात व्याकरणकारांचा, लेखननियमांचा आणि समाजातील मानापमानाच्या कल्पनांचा असा तिहेरी हात आहे. जुन्या गद्याचे वाचन करणाऱ्या समीक्षकाला हा इतिहास माहीत नसेल तर तो काही ठिकाणी चुकीचे वाचेल, एवढाच माझा मुद्दा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. मराठी क्रियापद ज्या पदाशी जुळते त्याचे लिंग आणि वचन दोन्ही पाहते. दोन्ही कर्ते पुरुष असतील तर ‘राजा आणि प्रधान आले’. दोन्ही स्त्रिया असतील तर ‘आई आणि मावशी आल्या’. येथे काही अडचण नाही. वस्तूंच्या बाबतीत मराठीचा कल सरळ शेवटच्या नामाकडे आहे : ‘पुस्तक आणि पाटी हरवली’, ‘पाटी आणि पुस्तक हरवले’. जे नाम क्रियापदाच्या शेजारी बसले त्याची सत्ता चालते. खरा पेच पडतो तो माणसांच्या भिन्नलिंगी जोडीपुढे. तेथे मराठीने पुरुषाचीही बाजू घेतली नाही आणि शेजारच्या नामाचीही. तिने तिसरे लिंग वापरले. मुलगा आणि मुलगी मिळून ‘मुलें’ होतात, गडी आणि बाई मिळून ‘माणसें’ होतात, आणि क्रियापदही नपुंसकलिंगी अनेकवचनी होते : ‘तीं दोघें आलीं’. हे जुने रूप मी मुद्दाम अनुस्वारांसह लिहिले आहे. कारण पुढील सारे विवेचन त्या अनुस्वारांभोवती फिरणार आहे.

ही व्यवस्था संस्कृतातून आलेली नाही, हे येथेच नमूद करावे. पाणिनीने एकशेषाच्या प्रकरणात (१.२.६७) पुरुषवाचक व स्त्रीवाचक शब्द एकत्र आले असता पुरुषवाचकच शिल्लक राहतो असे सांगितले आहे, माता आणि पिता यांच्याबद्दल नुसते ‘पितरौ’ म्हणता येते, ते विकल्पाने (१.२.७०). नपुंसक शब्द अन्य लिंगांच्या सजातीय शब्दांबरोबर आला तर नपुंसक उरतो, आणि तोही विकल्पाने एकवचनी (१.२.६९). म्हणजे नपुंसक उरण्यासाठी संस्कृतात जोडीत आधी एक तरी नपुंसक असावा लागतो. मराठीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एवढ्यांच्याच बेरजेतून नपुंसकलिंग निघते. मराठी यात एकटी नाही. कोकणी आणि गुजराती या तीन लिंगे टिकवलेल्या शेजारणी असेच करतात, आणि दूरच्या आइसलँडिक भाषेतही स्त्री-पुरुषांच्या मिश्र समूहाला नपुंसकलिंगी अनेकवचन लागते. हिंदीने नपुंसकलिंग गमावले, त्यामुळे तिला पुल्लिंगावाचून गत्यंतर उरले नाही.

पाणिनीच्या त्याच प्रकरणातील एक सूत्र मात्र मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. गावातील पाळीव जनावरांच्या कळपाबद्दल बोलताना, ती पिले नसतील तर, स्त्रीलिंगी शब्द शिल्लक राहतो (१.२.७३). आपणही कळपात बोकड असला तरी ‘शेळ्या चरायला गेल्या’ म्हणतो आणि खुराड्यात कोंबडा असला तरी ‘कोंबड्या पाळल्या’ म्हणतो. द्वंद्व समासाचे लिंग शेवटच्या पदाप्रमाणे ठरते (२.४.२६), हेही आपल्या ‘बायकापोरे’ला लागू पडते. काशिकाकारांनी तेथे उदाहरण दिले आहे कोंबडा आणि लांडोर यांच्या जोडीचे : लांडोर शेवटी आली तर जोडी स्त्रीलिंगी, कोंबडा शेवटी आला तर पुल्लिंगी. ‘शेवटच्याचे ऐकावे’ आणि ‘सगळ्यांची बेरीज करावी’ ही दोन तत्त्वे इतकी जुनी आहेत. भाषेगणिक बदलते ती त्यांची हद्द.

आता इंग्रजीकडे वळले पाहिजे. कारण ‘अन्वय चुकला’ ही तांबडी शाई आपल्याकडे आली ती पुष्कळशी इंग्रजीच्या वर्गातून. अठराव्या शतकापर्यंत इंग्रजी लेखकही या बाबतीत बरेच सैल होते. १६११च्या बायबलात प्रभूच्या प्रार्थनेच्या अखेरीस राज्य, सामर्थ्य आणि वैभव अशी तीन नामे येतात आणि त्यांना क्रियापद एकवचनी आहे. ते नामांच्या आधी येते, त्यामुळे कानाला खटकत नाही. १७६२ मध्ये रॉबर्ट लौथ यांचे छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर १७९५ मध्ये लिंडली मरे यांचे. मरे हे अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेले वकील. त्यांनी आपले पुस्तक लिहिले ते तेथील क्वेकर मुलींच्या शाळेसाठी. त्यांच्या पुस्तकाने समुच्चयबोधक आणि विकल्पबोधक अव्ययांच्या आधारे नियम पक्का केला : ‘आणि’ने जोडलेले दोन एकवचनी कर्ते अनेकवचनी क्रियापद घेतात, ‘किंवा’ने जोडलेले एकवचनी. मग अपवादांची पुरवणी आली. पाव आणि लोणी हा एकच खाद्यपदार्थ म्हणून एकवचनी. एकच व्यक्ती चिटणीस आणि खजिनदार असेल तर तीही एकवचनी.

या नियमाला कवी जुमानत नसत हे सांगायला नकोच. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त लिहिलेल्या ‘रिसेशनल’ या कवितेत कोलाहल आणि आरोळ्या अशा अर्थाची दोन एकवचनी नामे ‘आणि’ने जोडून त्यांना एकवचनी क्रियापद दिले आहे. पुढे येणाऱ्या यमकासाठी ते रूप हवे होते हे उघड आहे. पण दोन नामे मिळून एकच गलबला होतो हेही तितकेच खरे आहे. व्याकरणाची पुस्तके या ओळीकडे अपवाद म्हणून बोट दाखवीत आली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक याच घराण्यातले. त्यातील रेन म्हणजे ‘बो जेस्त’ ही साहसी कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. ते मुंबई इलाख्यात शिक्षणाधिकारी होते, ही गोष्ट त्या पुस्तकाशी झुंजलेल्या फार थोड्यांना माहीत असते.

या इंग्रजी नियमात एक गोष्ट नाही : लिंग. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे मरे यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की, एक की अनेक? ‘कोणाचे?’ हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नव्हते. लॅटिन व्याकरणांना तो पडला होता, आणि त्यांनी लिंगांची प्रतवारी लावून तो सोडवला होता : पुल्लिंग श्रेष्ठ, मग स्त्रीलिंग, मग नपुंसक. १६४७ मध्ये फ्रेंच व्याकरणकार व्होझला यांनी पुल्लिंग हे अधिक कुलीन म्हणून त्याचे वर्चस्व असावे असे नि:संकोचपणे लिहून ठेवले, आणि फ्रेंच शाळांतून तो नियम आजतागायत वादाचा विषय झालेला आहे.

दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा अवघे बाविशीतले. त्यापूर्वी १८०५ मध्ये कॅरी यांचे आणि १८३३ मध्ये स्टीव्हन्सन यांचे व्याकरण इंग्रजीतून झाले होते. पण मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आणि शाळांतून रुजलेले व्याकरण म्हणून दादोबांचा मान मोठा. त्यांच्या ग्रंथाची घडण इंग्रजी व्याकरणावरून घेतलेली आहे ही टीका पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केली. त्यांचे ते लेख १८९३ मध्ये ‘मराठी व्याकरणावरील निबंध’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. या साऱ्या वादांचा आलेख कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) आणि ‘मराठी व्याकरणाचा इतिहास’ (१९९२) या दोन ग्रंथांत इतका साक्षेपाने काढला आहे की, त्याची पुनरुक्ती येथे नको.

त्या वादांचा सारा जोर प्रयोगविचारावर राहिला, हे मात्र येथे लक्षात घेतले पाहिजे. तो राहणे स्वाभाविकही होते. ‘कर्ता व क्रियापद यांचा अन्वय’ हे इंग्रजी प्रकरणाचे शीर्षकच मराठीत टिकत नाही. ‘रामाने आणि सीतेने आंबा खाल्ला’ या वाक्यात कर्ते दोन आहेत, भिन्नलिंगी आहेत, आणि क्रियापदाला त्यांच्याशी काही देणेघेणे नाही. ते आंब्याशी जुळते. ‘रामाने आणि सीतेने मुलांना बोलावले’ येथे तर ते कोणाशीच जुळत नाही. इंग्रजी साचा येथे मोडतो आणि संस्कृताचा साचाही पुरता बसत नाही, म्हणून कर्तरी, कर्मणी, भावे यांच्या लक्षणांवर पंडितांनी आपली शक्ती खर्च केली. नवरा-बायकोचे काय, हा त्या मोठ्या घरातला माजघरातला प्रश्न. त्याची दखल घेतली गेली तरी तो वादाचा विषय झाला नाही, आणि जे वादाचा विषय होत नाही ते वर्गात शिकवले जात नाही. इंग्रजीच्या तासाला संयुक्त कर्त्याचे नियम घोकलेला विद्यार्थी मराठीच्या तासाला त्याच प्रश्नाचे मराठी उत्तर कधी ऐकत नसे. इंग्रजीतला ‘दोघांसाठी अनेकवचन’ हा नियम त्याच्या मनात पक्का असे, आणि मराठीत अनेकवचन म्हटले की पहिल्याने पुढे येते ते पुल्लिंगाचे ‘आले’.

कर्मणी प्रयोगाचे मूळ पाहायला मला फार दूर जावे लागत नाही. इंदिरानगरातून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात डावीकडे त्रिरश्मीचा डोंगर आणि त्यातील पांडवलेणी दिसू लागतात. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या राज्यवर्षातील एक प्राकृत लेख आहे. सेनार यांनी तो एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात संपादित केला. गोवर्धन येथील सामक नावाच्या अमात्याला ही आज्ञा आहे. ती देणारे दोघे आहेत, राजा आणि जिचा पुत्र हयात आहे अशी महादेवी राजमाता. दोघांची नावनिशी ‘च’ या अव्ययाने जोडली आहे आणि पुढे शब्द येतो ‘वचनेन’, एकवचनी. दोघांचे मिळून एकच वचन. त्यानंतर मजकूर असा की, डोंगरातील लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना आम्ही ककडी गावी शेत दिले होते, पण ते शेत कसले जात नाही आणि गाव वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या राजकीय शेतापैकी १०० निवर्तने देतो. पहिल्या वाक्यात ‘आम्ही’ तृतीयेत आहे आणि ‘दिले’ हे शेताशी जुळते. हा आपला कर्मणी प्रयोग बीजरूपाने. दुसऱ्या वाक्यात मात्र क्रियापद ‘ददम’, म्हणजे ‘देतो’, प्रथमपुरुषी अनेकवचनी.

हे अनेकवचन राजा आणि राजमाता या दोघांचे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण शेजारीच त्याच राजाचा अठराव्या वर्षाचा लेख आहे. तेथे आज्ञा देणारा राजा एकटा आहे, आरंभीचे क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी आहे, आणि दानाच्या वाक्यात पुन्हा ‘वितराम’ हे अनेकवचनच येते. तेव्हा ‘ददम’मधील अनेकवचन दोन कर्त्यांच्या बेरजेतून आलेले आहे की राजाच्या मोठेपणातून, हे केवळ रूपावरून ठरवता येत नाही. संख्या आणि आदर यांना एकच प्रत्यय लागतो. मराठीतील नवरा-बायकोच्या वाक्याचे पुढे जे झाले त्याला हाच दुहेरीपणा कारणीभूत आहे.

आता त्या अनुस्वारांकडे. जुन्या लेखनपद्धतीत क्रियापदाची पाच रूपे डोळ्यांना वेगळी दिसत : पुल्लिंगी अनेकवचनी ‘आले’, नपुंसकलिंगी एकवचनी ‘आलें’, स्त्रीलिंगी एकवचनी ‘आली’, नपुंसकलिंगी अनेकवचनी ‘आलीं’ आणि स्त्रीलिंगी अनेकवचनी ‘आल्या’. यांतील दोन अनुस्वार हे प्राकृतातील नपुंसकलिंगी प्रत्ययाच्या अनुनासिकाचे अवशेष. कोकणीत ते अजून ऐकू येतात. देशावरच्या शिष्ट उच्चारातून ते फार पूर्वी गेले. अनुच्चारित अनुस्वार लिहावेत की न लिहावेत यावर मराठीत दीर्घकाळ वाद झाला. अखेर मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. लेखन उच्चाराजवळ आणावे हे तत्त्व योग्यच होते. ज्या मुलांना अनुच्चारित अनुस्वारांसाठी छड्या खाव्या लागल्या त्यांच्या वतीने त्याचे स्वागतच केले पाहिजे, आणि ते अनुस्वार परत आणावेत असे मी म्हणत नाही.

पण त्यामुळे पाच रूपांची तीन झाली. ‘आलीं’ आणि ‘आली’ एक झाली, ‘आलें’ आणि ‘आले’ एक झाले, आणि ‘दोघें’चे ‘दोघे’ होऊन ते पुल्लिंगी ‘दोघे’शी जाऊन मिळाले. ‘नवरा आणि बायको उभीं होतीं’ या वाक्यात वाचकाला शंका नव्हती. ‘नवरा आणि बायको उभी होती’ असे वाचताना आजच्या वाचकाला वाटते की, लेखकाने शेवटच्या नामाकडे पाहून क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी ठेवले आणि नवऱ्याला विसरला. परीक्षकांना हेच वाटले असले पाहिजे. कर्त्यांचा क्रम उलटून पाहिला तर भ्रम दूर होतो : ‘बायको आणि नवरा दारात उभी होती.’ येथे शेजारी पुरुष असूनही रूप तेच राहते, म्हणजे ते स्त्रीलिंगी नाही. सिन्नरची आजी हे वाक्य डोळे मिटून असेच म्हणेल. परंतु वाक्याचा क्रम उलटून पाहण्याइतकी सवड तांबड्या शाईला नसते.

येथे समीक्षकाचा संबंध येतो. महामंडळाच्या नियमावलीत जुन्या लेखनाविषयी एक कलम आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे, त्यानंतरचे लेखन मात्र नव्या नियमांप्रमाणे छापावे, असे त्यात म्हटले आहे. ‘निबंधमाला’ १८७४ ची. म्हणजे १८७४ पासून १९६२ पर्यंतचे, जवळजवळ नव्वद वर्षांचे मराठी गद्य पुनर्मुद्रणात अनुस्वार गमावते. आधुनिक मराठी कादंबरी आणि लघुकथा घडली ती याच नव्वद वर्षांत. हरिभाऊ आपट्यांची यमूची कहाणी १८९० नंतर ‘करमणूक’मधून क्रमश: आली ती ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या नावाने. आज मुखपृष्ठावर ‘लक्षात’ असते. शीर्षकातील अनुस्वार गेल्याने काही बिघडत नाही. आतल्या पानांतील ‘तीं दोघें’ची ‘ती दोघे’ झाली की, निदान सर्वनामाने तरी वाचक सावध होतो. पण सर्वनाम नसेल, नुसती दोन नामे आणि ‘आली’ असेल, तर आजचा मुद्रितशोधक ते ‘आले’ करून टाकतो, आणि पुढच्या आवृत्तीच्या वाचकाला मुळात काय होते याचा मागमूस राहत नाही. अनुस्वार काढणे हा लेखनाचा बदल होता; ‘आली’चे ‘आले’ करणे हा पाठाचा बदल आहे. पहिला झाल्यामुळे दुसरा सोपा झाला. संत-पंतांच्या पोथ्यांची पाठचिकित्सा आपण काटेकोरपणे करतो. विसाव्या शतकातील कादंबरीला मात्र ती लागत नाही अशी आपली समजूत आहे.

स्त्रीवादी समीक्षेला या साऱ्यात एक तयार निष्कर्ष मिळेल : मराठीत स्त्री-पुरुषांच्या जोडीला दोघांनाही सामावणारे तिसरे रूप होते आणि ते पुल्लिंगाने गिळले. हे अर्धे खरे आहे. पण ‘आलीं’च्या जागी ‘आले’ आधी कोठे शिरले हे पाहिले तर चित्र एवढे सरळ राहत नाही. ‘आईवडील आले’ यात ‘वडील’ हा शब्दच आदरार्थी अनेकवचनी आहे. तेथे नपुंसकलिंगाला वावच नव्हता. ‘पाटील आणि पाटलीणबाई आले’ असेच कोणीही म्हणेल, ‘आली’ म्हणणार नाही. उलट ‘गडी आणि बाया कामाला लागली’ हे सहज कानावर येते. बाबांना ‘आले’ आणि आईसाहेबांना ‘आल्या’ असा आदर मराठीला दाखवता येतो. नपुंसकलिंगी अनेकवचनाला आदर दाखवता येत नाही, कारण त्याच्यामागे ‘मुले’, ‘पोरे’, ‘गुरे’ यांची सोबत आहे. तेव्हा स्त्री आणि पुरुष या रूपात समान होत, हे खरे असले तरी ते ज्यांना मान द्यावयाचा नाही किंवा ज्यांच्याशी घरोबा आहे अशांच्याच बाबतीत. लोककथेतील राजाराणी ‘ती दोघं’ असतात, कारण गोष्ट सांगणारी आजी त्यांना आपल्या घरातली समजते. वर्तमानपत्रात मंत्री आणि त्यांच्या पत्नी ‘उपस्थित होते’ असतात. शहरातील मध्यमवर्ग जसजसा परस्परांना ‘अहो’ म्हणू लागला, निमंत्रणपत्रिकांतून ‘श्री. व सौ.’ ही जोडी एका नावाखाली छापली जाऊ लागली, तसतसा प्रत्येक नवरा-बायकोला ‘आले’चा मान मिळू लागला. त्या मानात बायकोचे लिंग गेले ही गोष्ट आहेच. पण ‘आली’ म्हणवून घ्यायला आज कोणते जोडपे राजी होईल? शिलालेखातील ‘ददम’चा दुहेरीपणा येथे पुन्हा भेटतो. अनेकवचन कोणत्या वेळी संख्येचे आणि कोणत्या वेळी प्रतिष्ठेचे, हे रूप सांगत नाही. सांगते ती बोलणाऱ्याची जागा.

म्हणूनच कथनमीमांसेच्या दृष्टीने हे रूप मोलाचे आहे. निवेदक एखाद्या जोडप्याला ‘आली’ म्हणतो की ‘आले’, यावरून तो त्यांच्यापासून किती अंतरावर उभा आहे हे कळते. एकाच कथेत आरंभी ‘आली’ आणि पुढे ‘आले’ असे झाले तर तो निष्काळजीपणा असेल. कदाचित पात्रांची सामाजिक पायरी बदलली असेल. कदाचित निवेदक परका झाला असेल. याचा निर्णय करायला मुळातला पाठ हाताशी लागतो. अन्वयाची ‘चूक’ म्हणून तो आधीच सरळ केलेला असेल तर प्रश्नच पुसला जातो. आणि ज्या ग्रामीण कथेबद्दल माझी विद्यार्थिनी लिहीत होती तिच्यात तर निवेदक गावातलाच होता. दारात उभ्या असलेल्या त्या मजूर नवरा-बायकोला त्याने ‘आले’ म्हटले असते तर तो गावातला राहिला नसता.

प्रबंधिका पुन्हा सादर करायची होती. वाद घालायला वेळ नव्हता, आणि तांबड्या शाईशी वाद घालण्याचे तिचे वयही नव्हते. तिने कथेची जुनी प्रत ग्रंथालयातून मिळवून ते वाक्य ताडून पाहिले. तेथे ‘उभीं होतीं’ होते, दोन्ही अनुस्वारांसह. मग तिने आपल्या वाक्यात एकच बदल केला : ‘नवरा आणि बायको, ती दोघे दारात उभी होती.’ या वेळी समासात काहीही लिहून आले नाही.